दावा जमिनीचा, निकाल नागरिकत्वाचा

अमेरिकेत नोकरीला गेलेल्या कुणाच्या घरी बाळ झालं की इकडे नातेवाइकांत एक प्रश्न हमखास निघतो. आईबाप भारतीय, मग मूल अमेरिकन कसं? तिकडे जन्मलं म्हणून, असं उत्तर मिळतं. पण हे ठरवलं कोणी? जॉर्ज वॉशिंग्टन वगैरे मंडळींनी राज्यघटना केली तेव्हाच हे लिहून ठेवलं असणार, असा बहुतेकांचा समज असतो.

त्यांनी तसं काही लिहिलं नाही. १७८७ साली फिलाडेल्फियात तयार झालेल्या घटनेत ‘नागरिक’ हा शब्द बऱ्याच ठिकाणी येतो. प्रतिनिधिगृहात बसायचं तर सात वर्षं नागरिक असावं लागतं, सिनेटसाठी नऊ. राष्ट्राध्यक्ष जन्मानंच नागरिक असावा. एका राज्याच्या नागरिकाला दुसऱ्या राज्याच्या नागरिकावर संघराज्याच्या कोर्टात दावा लावता येतो. एका राज्याचा नागरिक दुसऱ्या राज्यात गेला तर तिथल्या नागरिकांचे हक्क त्यालाही मिळतात. एवढं सगळं एका शब्दावर टांगलेलं, आणि त्या शब्दाची व्याख्या कुठेच नाही. ती यायला १८६८ साल उजाडलं.

मधली ऐंशी वर्षं हे काम कोर्टांनी केलं, आणि तेही आडवाटेनं. ‘मी नागरिक आहे की नाही, एवढं सांगा’ असं म्हणत कोर्टाची पायरी चढणारं जवळपास कोणी नव्हतं. लोक यायचे ते बापाच्या शेतासाठी, काकाच्या झऱ्यासाठी, पकडलेल्या जहाजासाठी, न भरलेल्या दंडासाठी भांडत. ते भांडण मिटवताना नागरिकत्वाचा निकाल लागून जायचा. म्हणूनच तो दर वेळी सारखा लागला नाही.

१. बाहेरून आलेल्यांचा कायदा

त्यातल्या त्यात सोपी बाब आधी उरकू. परदेशातून आलेल्यांना नागरिक कसं करून घ्यायचं, याचे नियम करण्याचा अधिकार घटनेनं काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, दिला होता. काँग्रेसनं १७९० साली कायदा केला. दोन वर्षं देशात राहिलेला, चांगल्या चारित्र्याचा, ‘स्वतंत्र गोरा’ माणूस कोर्टात शपथ घेऊन नागरिक होऊ शकेल, असं त्यात म्हटलं होतं. राहण्याची अट १७९५ साली पाच वर्षांची झाली, १७९८ साली परकीयांच्या धास्तीनं एकदम चौदा वर्षांची, आणि १८०२ साली पुन्हा पाचांची. हे काम करायला राजधानीत जावं लागत नसे. जवळच्या कोर्टात आधी इरादा जाहीर करायचा, मुदत भरली की जुन्या राजाची निष्ठा सोडल्याची शपथ घ्यायची, कारकुनानं नोंद करायची.

‘गोरा’ म्हणजे नेमका कोण, हे कायद्यात नव्हतं. युरोपातून बोटी भरभरून माणसं येत होती तोवर ते कोणी विचारलंही नाही. शंभर वर्षांनी आशियातले लोक अर्ज करू लागले तेव्हा तो शब्द कोर्टांच्या गळ्यात पडला. मुंबईचे पारशी व्यापारी भिकाजी बलसारा यांना न्यूयॉर्कमधल्या संघराज्याच्या अपील कोर्टानं १९१० साली गोरं ठरवलं. १९२३ साली पंजाबच्या भगतसिंग थिंड यांना सर्वोच्च न्यायालयानं गोरे नाहीत म्हणून नाकारलं. कायदा बदलत गेला होता, पण ते दोन शब्द १७९० पासून तसेच चालत आले होते.

पण हे झालं बाहेरून आलेल्यांचं. इथेच जन्मलेल्यांबद्दल ना घटना बोलत होती, ना कायदा. मग न्यायाधीशांनी जुन्या इंग्रजी निवाड्यांच्या पोतडीत हात घातला.

२. तीन वर्षांचा वादी

१६०३ साली इंग्लंडची राणी एलिझाबेथ निपुत्रिक वारली आणि स्कॉटलंडचा राजा जेम्स इंग्लंडच्याही गादीवर बसला. राजा एक, राज्यं दोन, कायदेही दोन. आता यापुढे स्कॉटलंडमध्ये जन्मणारं मूल इंग्लंडमध्ये परकं समजायचं की आपलं? १६०८ साली रॉबर्ट केल्विन नावाच्या जेमतेम तीन वर्षांच्या स्कॉटिश मुलाच्या नावानं लंडनच्या परिसरातल्या मिळकतीसाठी दावा उभा राहिला. पोराला अर्थातच यातलं काही ठाऊक नव्हतं. प्रश्नाचा एकदाचा निकाल लागावा म्हणून मोठ्यांनीच तो दावा रचला होता.

पण दावा जमिनीचाच का? कारण इंग्लंडच्या कायद्यात परकीय माणूस व्यापार करू शकत होता, कर्ज देऊ-घेऊ शकत होता, पण जमिनीचा वारस होऊ शकत नव्हता. सगळी जमीन शेवटी राजाकडून धरलेली. राजाशी ज्याची निष्ठा नाही त्यानं ती धरायची कशी? हा नियम ध्यानात असू द्यावा. पुढचे निम्मे खटले त्याच्यावरच उभे आहेत.

न्यायाधीश एडवर्ड कोक आणि त्यांच्या बहुतेक सहकाऱ्यांनी केल्विनच्या बाजूनं कौल दिला. मूल ज्या राजाच्या अमलाखाली जन्मतं, त्याचं संरक्षण त्याला पहिल्या दिवसापासून मिळतं. त्या बदल्यात ते त्या राजाला निष्ठा देणं लागतं. बाप कुठला हे बघायचं नाही, जन्माच्या जागी अंमल कोणाचा ते बघायचं. याला अपवाद दोनच, परक्या राजदूताचं मूल आणि मुलूख बळकावून बसलेल्या शत्रूचं मूल. शिवाय ही निष्ठा जन्माची. माणसाला आपल्या मर्जीनं ती टाकता येत नाही.

अमेरिकनांनी पुढे राजा हाकलला आणि राजाचा कायदा मात्र ठेवून घेतला. रोजचे व्यवहार चालवायला दुसरा कायदा हाताशी नव्हताच. ‘राजा’च्या जागी ‘राज्य’ घातलं की केल्विनचा निवाडा बराचसा जसाच्या तसा लागू करता येत होता. अडचण शेवटच्या मुद्द्याची होती. निष्ठा टाकताच येत नसेल, तर ४ जुलै १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढणारे सगळेच राजद्रोही ठरतात.

३. वाटणीच्या दिवशी कोण कुठे होतं?

या पेचातून अमेरिकन कोर्टांनी काढलेली वाट आपल्याला घरच्या वाटणीवरून चटकन कळेल. एकत्र कुटुंब फुटतं तेव्हा जाणती माणसं थोरल्याकडे राहायचं की धाकट्याकडे ते ठरवतात. पण त्या दिवशी जो परगावी होता, जो पाळण्यात होता, जी दुसऱ्याच्या घरी नांदत होती, त्यांचं काय? कोर्टांनी सूत्र धरलं ते असं: क्रांती झाली तेव्हा प्रत्येकाला बाजू निवडायची मुभा होती, आणि ती वाजवी मुदतीत निवडायची होती. मुदत नेमकी कधी संपली यावर मात्र एकमत नव्हतं. कोणी ४ जुलै १७७६ धरी, कोणी आपापल्या राज्याच्या कायद्याची तारीख. इंग्लंडच्या लेखी तर युद्ध संपवणारा १७८३ चा तह होईपर्यंत हे सगळे राजाचीच प्रजा.

न्यू जर्सीचे डॅनियल कॉक्स वसाहतीच्या काळातली बडी असामी. १७७७ साली ते इंग्रजांना जाऊन मिळाले, फिलाडेल्फियात राजाची चाकरी केली, नंतर इंग्लंडला गेले आणि राजाची पेन्शन घेत राहिले. बऱ्याच वर्षांनी न्यू जर्सीतली त्यांची नातलग रिबेका कॉक्स वारली आणि तिच्या जमिनीवर त्यांनी वारस म्हणून हक्क सांगितला. समोरचा पक्ष म्हणाला, हा तर इंग्रज. याला जमीन कशी मिळेल?

सर्वोच्च न्यायालयानं १८०८ साली दिलेलं उत्तर वाचून आजही माणूस चक्रावतो. न्यू जर्सीनं ४ ऑक्टोबर १७७६ रोजी कायदा करून राज्यात राहणाऱ्यांना आपल्या निष्ठेखाली घेतलं. त्या दिवशी कॉक्स राज्यातच होते, म्हणून ते न्यू जर्सीचे झाले. पुढे ते पळाले हे खरं. पण राज्यानं आपल्या कायद्यांत अशा पळालेल्यांना द्रोही मानलं, परकीय मानलं नाही. द्रोह करायला आधी आपला माणूस असावा लागतो. सबब कॉक्स वारस होऊ शकतात. राजाशी इमान राखून ज्यांनी घरदार सोडलं, त्यांना जमीन मिळाली ती राज्याशी बेइमानी केल्याच्या पुराव्यावर!

आता पाळण्यातल्यांचं बघू. न्यूयॉर्कचा कॅप्टन रॉबर्ट रिचर्ड रँडल यानं १८०१ साली मृत्युपत्र करून मॅनहॅटनमधली आपली मिळकत म्हाताऱ्या, थकलेल्या खलाशांच्या आश्रमासाठी ठेवली. पुढे जॉन इंग्लिस नावाचे पाद्री, आपण रँडलचे वारस आहोत असं सांगत पुढे आले. इंग्लिस न्यूयॉर्कमध्येच जन्मलेले. पण त्यांचे वडील चार्ल्स इंग्लिस कट्टर राजनिष्ठ धर्मगुरू होते आणि १७८३ साली इंग्रज सैन्य शहर सोडून गेलं तेव्हा तेही कुटुंबासह निघून गेले. जॉनच्या जन्माची तारीख कोर्टापुढे नक्की होत नव्हती. म्हणून १८३० साली सर्वोच्च न्यायालयानं गणित मांडावं तसे तिन्ही पर्याय सोडवून दाखवले.

समजा, ते ४ जुलै १७७६ च्या आधी जन्मले. तेव्हा सगळेच राजाची प्रजा. बापानं निवड केली ती राजाची, आणि मूल बापामागे गेलं. म्हणून परकीय.

समजा, ४ जुलैनंतर पण १५ सप्टेंबरच्या आधी जन्मले. त्या दहा आठवड्यांत न्यूयॉर्कवर नव्या राज्याचा अंमल होता. पण तान्हं मूल बाजू कशी निवडणार? त्याच्या वतीनं बापानं निवडली. सज्ञान झाल्यावर वाजवी मुदतीत ती नाकारून परत येण्याचा हक्क जॉनला होता. त्यांनी तो वापरला नाही, म्हणून परकीय.

समजा, १५ सप्टेंबरनंतर जन्मले. त्या दिवशी इंग्रज सैन्यानं न्यूयॉर्क घेतलं होतं. जागा अमेरिकेतली, अंमल राजाचा. म्हणून जन्मापासूनच परकीय.

तिन्ही वाटा एकाच ठिकाणी पोचल्या आणि मिळकत खलाशांकडे राहिली. जॉन इंग्लिस यांचं यात फार बिघडलं असं नाही. ते तोवर कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाचे बिशप झालेले होते.

४. नवऱ्याबरोबर गेलेल्या बायका

बायकोनं कोणती बाजू निवडली, हा प्रश्न या सगळ्यांत अवघड ठरला. मुळात तिला निवड होती का?

ॲना मार्टिन ही मॅसॅच्युसेट्सची, तिचा नवरा विल्यम इंग्रज सैन्यातला. १७७६ साली इंग्रजांनी बोस्टन सोडलं तेव्हा ती त्याच्याबरोबर गेली. तिच्या माहेरकडून आलेल्या जमिनी राज्यानं फितुरांच्या मिळकतींबरोबर जप्त केल्या. तिचा मुलगा जेम्स यानं त्या परत मागितल्या आणि १८०५ साली राज्याच्या सर्वोच्च कोर्टात खटला चालला.

राज्याचे वकील जेम्स सलिव्हन यांचा मुद्दा आज वाचताना बिनतोड वाटतो. बायको राज्याची सदस्य नाही का? ती देशद्रोह करू शकत नाही का? करू शकत असेल, तर शत्रूबरोबर गेली त्याची किंमत तिनं मोजायला हवी. जेम्सच्या वकिलांनी उलट बाजू लावली. लग्न झालेल्या स्त्रीला कायद्यानं स्वतःची इच्छाच ठेवलेली नाही. नवरा म्हणेल तिथे जाणं हे तिचं कर्तव्य. जिला स्वतःची इच्छा नाही ती राज्याशी बेइमान होणार कशी? न्यायाधीशांनी हेच मान्य केलं आणि जमीन परत मिळाली. या न्यायाधीशांतले थिओडोर सेजविक यांनी चोवीस वर्षांपूर्वी वकील म्हणून एलिझाबेथ फ्रीमन या गुलाम बाईला त्याच राज्यात कोर्टातून स्वातंत्र्य मिळवून दिलं होतं. क्रांतीतून काय निघू शकतं हे ज्यांनी स्वतः पाहिलं होतं, त्यांनीच बायकांच्या बाबतीत जुना कायदा आहे तसा ठेवला. फायदा झाला तो मुलाचा. बाईला मन नसतं असं सिद्ध झाल्यामुळे बाईची जमीन वाचली.

पंचवीस वर्षांनी सर्वोच्च न्यायालय दुसऱ्या टोकाला गेलं. दक्षिण कॅरोलायनातल्या ॲन स्कॉटनं, चार्ल्स्टन इंग्रजांच्या ताब्यात असताना, १७८१ साली जोसेफ शँक्स या इंग्रज अधिकाऱ्याशी लग्न केलं आणि पुढच्या वर्षी त्याच्याबरोबर ती इंग्लंडला गेली. वडिलांच्या जमिनीतल्या तिच्या वाट्यावर नंतर तिच्या मुलांनी हक्क सांगितला. १८३० सालच्या निकालात न्यायमूर्ती जोसेफ स्टोरी म्हणाले की, परकीयाशी लग्न केल्यानं बाईची मूळची निष्ठा तुटत नाही. लग्नामुळे तिचे नागरी व्यवहार नवऱ्याच्या हाती जातात, राष्ट्राशी असलेलं नातं जात नाही. पण ती इंग्लंडला जाऊन राहिली आणि १७८३ च्या तहाच्या वेळी तिथेच होती, म्हणून तहाच्या दृष्टीनं ती इंग्रज प्रजा. आणि १७९४ च्या तहानं इंग्रज प्रजेच्या अमेरिकेतल्या जमिनींना संरक्षण दिलं होतं, सबब मुलांना जमीन मिळावी. दोन्ही खटल्यांत जमीन वारसांनाच गेली. बाईबद्दलची विधानं मात्र एकमेकांना छेद देणारी. स्टोरींचं विधान फार टिकलं नाही. १९०७ साली काँग्रेसनं कायदाच केला की परकीयाशी लग्न करणारी अमेरिकन स्त्री नागरिकत्व गमावते. तो सैल व्हायला १९२२ साल लागलं.

५. निष्ठा सोडता येते का?

यावर कोर्टांनी सरळ उत्तर देण्याचं शक्य तितकं टाळलं. ज्या देशाचा जन्मच निष्ठा सोडण्यातून झाला, तिथे ‘सोडता येत नाही’ म्हणणं अवघड. आणि ‘येते’ म्हणावं तर युद्धात कोणीही ऐनवेळी परका व्हायचा.

कनेक्टिकटच्या आयझॅक विल्यम्सनं फ्रान्सचं नागरिकत्व घेतलं आणि फ्रेंच सनद घेऊन इंग्रज जहाजांवर चाल केली. १७९९ साली सरन्यायाधीश ऑलिव्हर एल्सवर्थ यांनी त्याला सांगितलं की निष्ठा हा समाजाशी झालेला करार आहे, समाजाच्या संमतीशिवाय एकट्याला मोडता येत नाही. विल्यम्सला शिक्षा झाली. पाच वर्षांनी त्याच राज्यात जन्मलेला जेरड शटक कोर्टापुढे होता. तो लहानपणीच कॅरिबियनमधल्या सेंट थॉमस या डॅनिश बेटावर गेला, तिथेच वाढला आणि डेन्मार्कच्या राजाची शपथ घेऊन व्यापार करू लागला. त्याचं जहाज अमेरिकन नौदलानं पकडलं होतं. अमेरिकनांनी फ्रेंचांशी व्यापार करू नये असा कायदा होता आणि शटक मुळात अमेरिकनच, असा नौदलाचा दावा. सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी जहाज सोडवलं. जन्माचं नातं पूर्ण तुटतं की नाही, या प्रश्नाला त्यांनी हात लावला नाही. शटक दुसऱ्या राजाची प्रजा झाला आहे, या कायद्यापुरता तो अमेरिकेच्या छत्राखालचा नाही, एवढ्यावर भागवलं.

६. साराटोगाचा झरा

न्यूयॉर्क राज्यात साराटोगा नावाचं गाव औषधी पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध होतं. ते पाणी बाटल्यांत भरून दूरवर विकलं जायचं. त्या धंद्यातले भागीदार जॉन क्लार्क आणि थॉमस लिंच. लिंच वारला, आणि त्याच्या वाट्याचा वारस कोण यावरून खटला उभा राहिला. त्यात एक नाव पुढे आलं, पुतणी ज्युलिया लिंच. तिचे आईबाप आयरिश. काही काळ न्यूयॉर्कला येऊन राहिले, १८१९ साली तिथे ज्युलिया जन्मली, आणि त्याच वर्षी ते तिला घेऊन आयर्लंडला परतले. नागरिक होण्याचा त्यांचा इरादा नव्हता आणि पोरीला अमेरिका आठवण्याची शक्यता नव्हती.

१८४४ साली साहाय्यक व्हाइस-चॅन्सेलर लुईस सँडफर्ड यांनी निकाल दिला: ज्युलिया जन्मानं अमेरिकेची नागरिक. मूल बापाचं राष्ट्र घेतं, हा युरोपातला विचार त्यांच्यापुढे मांडला गेला होता. त्यांनी तो बाजूला ठेवला. घटना लिहिणारे केल्विनच्या नियमात वाढलेले. त्यांना तो बदलायचा असता तर तसं त्यांनी सांगितलं असतं. शिवाय सँडफर्ड यांनी व्यवहाराकडेही बोट दाखवलं. परदेशातून आलेल्यांची इथे जन्मलेली मुलं सर्रास जमिनी विकत घेतात, मतदान करतात, आणि त्यांना कोणी हटकत नाही.

सुरुवातीच्या प्रश्नाला इतकं थेट उत्तर त्याआधी कुठल्या अमेरिकन कोर्टानं दिलं नव्हतं. तेही देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं नव्हे, एका राज्याच्या दुय्यम न्यायाधीशानं, झऱ्याच्या पाण्यापायी.

७. त्याच मातीत जन्मूनही

इथवर वाचून वाटेल की जन्मभूमीचा नियम पक्का होता आणि वाद होते ते काठाकाठाचे. गोऱ्यांपुरतं ते बरोबर आहे. पण पिढ्यान् पिढ्या अमेरिकेतच जन्मलेले दोन समाज त्या नियमात बसवले गेले नाहीत.

मूळ रहिवाशांचं कारण सांगायला निदान एक सूत्र होतं. क्रांतियुद्धात लढलेल्या ओनायडा जमातीच्या एका सैनिकाला न्यूयॉर्कनं जमीन दिली होती. त्याच्या मुलानं केलेली विक्री चालेल का, हा प्रश्न आला. १८२२ साली मुख्य न्यायाधीश स्पेन्सर म्हणाले, हे लोक आता नागरिकच आहेत. पुढच्याच वर्षी वरच्या कोर्टात जेम्स केंट यांनी ते फिरवलं: ही वेगळी राष्ट्रं आहेत, आपल्या आश्रयाखालची, आपले नागरिक नव्हेत.

कृष्णवर्णीयांबाबत असं सूत्र सापडेना. गुलामाला कायदा मालमत्ता म्हणत होता. पण स्वतंत्र झालेल्या माणसाचं काय? तो परकीय नाही, कारण त्याचा दुसरा राजा नाही. केल्विनच्या नियमानं तो सरळ आत बसतो. त्याला बाहेर ठेवायचं तर नवं कारण शोधायला हवं होतं.

केंटकीच्या कोर्टानं १८२२ साली एक शोधलं. एमी नावाच्या बाईनं आपण दुसऱ्या राज्यात नागरिक ठरलो होतो, म्हणून आपल्याला गुलाम ठेवता येत नाही, असा दावा केला. बहुमताचे न्यायाधीश म्हणाले, नागरिक म्हणजे राज्यातले सर्वोच्च हक्क ज्याला आहेत तो, आणि असे हक्क स्वतंत्र कृष्णवर्णीयांना नाहीत. न्यायमूर्ती मिल्स यांनी विरोधी निकालपत्रात विचारलं की, असं असेल तर बायका आणि मुलं तरी नागरिक कशी? बहुमताचं उत्तर होतं, ती पुरुषांमार्फत नागरिक. मागच्या प्रकरणांतली ॲना मार्टिन इथे अशी उपयोगी पडली.

कनेक्टिकटमध्ये प्रुडन्स क्रँडल या शिक्षिकेनं १८३३ साली कृष्णवर्णी मुलींसाठी शाळा काढली. बाहेरच्या राज्यांतल्या अशा मुलींना शिकवायला गावाची परवानगी हवी, असा कायदा लगोलग झाला आणि तिच्यावर खटला भरला. मुली नागरिक असतील तर घटनेनं त्यांना दुसऱ्या राज्यातही हक्क आहेत, असा बचाव होता. न्यायाधीश डेव्हिड डॅगेट यांनी ज्युरीला सांगितलं, त्या नागरिक नाहीत. वरच्या कोर्टानं १८३४ साली शिक्षा रद्द केली, पण आरोपपत्रातल्या उणिवेवर बोट ठेवून. मूळ प्रश्नाला बगल. त्याच वर्षी जमावानं शाळेवर हल्ला केला आणि ती बंद पडली.

उलटा निकाल आला तो दक्षिणेतून, गुलामगिरीच्या मुलखातून. उत्तर कॅरोलायनात मॅन्युएल नावाच्या मुक्त झालेल्या माणसाला मारहाणीबद्दल वीस डॉलर दंड झाला. त्याच्याकडे पैसे नव्हते. स्वतंत्र कृष्णवर्णीयानं दंड भरला नाही तर त्याला मजुरीला लावून तो वसूल करावा, असा राज्याचा कायदा होता. १८३८ साली न्यायमूर्ती विल्यम गॅस्टन यांनी लिहिलं की परकीय सोडले तर राज्यात माणसं दोनच प्रकारची, गुलाम आणि स्वतंत्र. इथे जन्मलेला गुलाम सुटला की स्वतंत्र झाला, आणि स्वतंत्र झाला की नागरिक झाला. मताधिकाराचा यात संबंध नाही. तर्काचा हा इतका सरळ धागा त्या काळच्या दुसऱ्या कुठल्या निकालात मला दिसत नाही. एवढं लिहून गॅस्टन यांनी मजुरीचा तो कायदा घटनेला धरून आहे असंही ठरवलं. मॅन्युएल नागरिक ठरला आणि खटला हरला.

मग ड्रेड स्कॉट. मिसूरीतला हा गुलाम आपल्या मालकाबरोबर, सैन्यातल्या डॉक्टर एमर्सनबरोबर, इलिनॉय राज्यात आणि आजच्या मिनेसोटातल्या फोर्ट स्नेलिंगला राहिला होता. दोन्हीकडे गुलामगिरीला बंदी. परतल्यावर १८४६ साली त्यानं आणि त्याची बायको हॅरिएट हिनं सेंट लुईसमध्ये स्वातंत्र्यासाठी दावा लावला. १८५० साली ते जिंकले, १८५२ साली राज्याच्या सर्वोच्च कोर्टानं निकाल उलटवला. मग स्कॉट संघराज्याच्या कोर्टात गेला. तिथे जाण्याचं दार घटनेतल्या त्या ओळीत होतं: एका राज्याचा नागरिक, दुसऱ्या राज्याच्या नागरिकाविरुद्ध. स्कॉटनं स्वतःला मिसूरीचा नागरिक म्हटलं. प्रतिवादी जॉन सॅनफर्ड न्यूयॉर्कचा. सॅनफर्डच्या वकिलांनी दारातच अडवलं. हा आफ्रिकन गुलामांच्या वंशातला, हा नागरिक असूच शकत नाही.

६ मार्च १८५७ रोजी सरन्यायाधीश रॉजर टॅनी यांनी निकाल वाचला. न्यायालयाची विभागणी सात विरुद्ध दोन. टॅनी यांची मांडणी अशी: घटना ज्या ‘लोकां’नी केली त्यांत कृष्णवर्णीय नव्हते. एखादं राज्य आपल्यापुरतं त्यांना नागरिक म्हणू शकेल, पण त्यानं ते अमेरिकेचे नागरिक होत नाहीत, आज नाही आणि पुढेही नाही. मताधिकार नसणं हे कारण त्यांनी दिलं नाही. बायका आणि अज्ञान मुलं मत देत नसूनही नागरिक आहेत, हे त्यांनी मान्य केलं. म्हणजे केंटकीची युक्ती टाकून दिली आणि उरला फक्त वंश.

न्यायमूर्ती बेंजामिन कर्टिस यांनी विरोधी निकालपत्रात त्यांना इतिहासातच गाठलं. घटना मंजूर होण्याच्या काळात न्यू हॅम्पशर, मॅसॅच्युसेट्स, न्यूयॉर्क, न्यू जर्सी आणि उत्तर कॅरोलायना या पाच राज्यांत पुरेशी मिळकत असलेले स्वतंत्र कृष्णवर्णीय मतदान करत होते. मग घटना करणाऱ्या ‘लोकां’त ते नव्हते कसे? उत्तर कॅरोलायनासाठी त्यांनी आधार घेतला तो गॅस्टन यांच्या निकालाचा. मॅन्युएलचा वीस डॉलरचा खटला असा देशाच्या सर्वोच्च न्यायालयात पोचला. कर्टिस यांनी त्याच वर्षी राजीनामा दिला. स्कॉटला नव्या मालकानं मे महिन्यात मुक्त केलं. पुढच्या वर्षी क्षयानं तो वारला.

८. व्याख्या लिहिली जाते

टॅनी यांचा निकाल सरकारदरबारी बाजूला सारला गेला तोही एका बोटीमुळे. किनारी जहाजाचा कप्तान अमेरिकन नागरिकच असावा असा नियम होता, आणि यादवी युद्धाच्या काळात एका जहाजाचा कप्तान कृष्णवर्णी निघाला म्हणून जहाज अडकलं. अर्थखात्यानं सल्ला विचारला. राष्ट्राध्यक्ष लिंकन यांचे अॅटर्नी जनरल एडवर्ड बेट्स यांनी १८६२ साली लेखी मत दिलं की इथे जन्मलेला स्वतंत्र माणूस, रंग कुठलाही असो, नागरिक आहे. बेट्स मिसूरीचे, स्कॉटच्याच राज्याचे.

मग १८६६ चा नागरी हक्क कायदा आला, आणि १८६८ साली चौदावी घटनादुरुस्ती. तिचं पहिलंच वाक्य व्याख्या आहे: अमेरिकेत जन्मलेले किंवा कायद्यानं नागरिक करून घेतलेले, आणि तिच्या अधिकारकक्षेखाली असलेले सर्व जण अमेरिकेचे आणि ज्या राज्यात राहतात त्या राज्याचे नागरिक होत. टॅनी यांनी राज्याचं आणि देशाचं नागरिकत्व वेगळं केलं होतं, ते एका वाक्यात जोडलं गेलं.

‘अधिकारकक्षेखाली’ या शब्दांनी मात्र कोर्टांना पुन्हा काम दिलं. सॅन फ्रान्सिस्कोत चिनी आईबापांच्या पोटी जन्मलेला वाँग किम आर्क १८९५ साली चीनहून परतला तेव्हा त्याला बोटीवरून उतरू दिलं नाही. १८९८ साली सर्वोच्च न्यायालयानं सहा विरुद्ध दोन मतांनी तो नागरिक असल्याचं ठरवलं. न्यायमूर्ती होरेस ग्रे यांच्या निकालपत्रात तीन वर्षांचा केल्विन आहे आणि साराटोगाची ज्युलियाही आहे.

याच ग्रे यांनी चौदा वर्षांपूर्वी, १८८४ साली, जॉन एल्कचा दावा फेटाळला होता. आपली जमात सोडून एल्क ओमाहा शहरात राहत होता आणि त्याला मत द्यायचं होतं. तो जमातीत जन्मला म्हणजे पूर्णपणे अमेरिकेच्या अधिकारकक्षेखाली जन्मला नाही, असं ग्रे यांनी लिहिलं. मूळ रहिवाशांना सरसकट नागरिकत्व मिळालं ते १९२४ साली, काँग्रेसच्या कायद्यानं.